उलगडणारे कपाट

चपट्या खोक्यातून सुट्या भागांत येणारे आणि घरी पोहोचल्यावर जोडले जाणारे फर्निचर, ज्याला बाजारात फ्लॅट-पॅक म्हणतात, ते आता वडोदरा शहरात आणि शहराच्या पूर्वेकडील वाघोडिया तालुक्यात इतके रुळले आहे की त्याकडे केवळ एक स्वस्त सोय म्हणून पाहणे पुरेसे ठरत नाही. या प्रकारातील कपाटे, मांडण्या आणि पुस्तकांचे शेल्फ मॉड्यूल पद्धतीने बनवलेले असतात, म्हणजे ठराविक मापाचा एक घटक निश्चित केलेला असतो आणि त्याच घटकाच्या पटीत कप्पे, उंची व रुंदी वाढवता किंवा कमी करता येते. कारखान्याने हे माप एका सरासरी घरासाठी, आणि बहुधा परदेशातील घरासाठी, ठरवलेले असते. पैठणीची घडी, वर्षाचा गहू, देव्हारा, पितळेची जड भांडी आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे त्या सरासरीत धरलेले नसतात. म्हणून असे कपाट घरात येते तेव्हा ते अर्धेच तयार असते असे मानणे अधिक रास्त होय. उरलेले अर्धे काम घरातील माणसांनी स्वतः हाती घ्यावे, मात्र ते करताना कपाट पुन्हा उलगडता येईल ही त्याची मूळची क्षमता जपावी, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

वाघोडिया हे वडोदरा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. जीआयडीसीची औद्योगिक वसाहत, लिमडा येथील अपोलो टायर्सचा कारखाना आणि पारुल विद्यापीठ, पिपरिया येथील सुमनदीप विद्यापीठ यांमुळे या तालुक्यात नोकरीसाठी व शिक्षणासाठी येणाऱ्यांचा ओघ सतत चालू असतो, आणि शहराकडून येणारा वाघोडिया रोडही दोन्ही अंगांनी सोसायट्यांनी भरत गेला आहे. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणाऱ्या कुटुंबाला भिंतीला खिळवलेले फर्निचर परवडत नाही, कारण घर सोडताना ते घरमालकाच्या पदरात टाकून जावे लागते. ज्या कपाटाचे स्क्रू सोडवून फळ्या टेम्पोत आडव्या रचता येतात, ते मात्र मालकाबरोबर नव्या घरी जाते.

वडोदऱ्यातील मराठी कुटुंबांच्या बाबतीत या बदलाला आणखी एक बाजू आहे. गायकवाडी राजवटीत दांडिया बाजार, रावपुरा या भागांत जी जुनी घरे उभी राहिली, त्यांत सामान ठेवण्याची निम्मी सोय भिंतीतच झालेली असे. दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीत कोनाडे, देवळ्या आणि लाकडी दारांची फडताळे काढलेली असत, खोलीच्या वर माळा असे आणि जे उरे ते पेटाऱ्यात जाई. आजच्या फ्लॅटमध्ये आतली भिंत साडेचार इंच विटेची असते, तिच्यात कोनाडा खोदणे शक्य नसते आणि बिल्डर ते करूही देत नाही. त्यामुळे साठवण भिंतीतून बाहेर पडून जमिनीवर आली आणि जमिनीवर आल्यामुळे ती हलवता येऊ लागली. नव्या सोसायटीत राहायला गेलेल्या कुटुंबाला कपाटात जागा पुरत नाही असे जे वाटत राहते, त्यामागे सामान वाढल्याइतकेच भिंती पातळ झाल्याचेही कारण आहे, आणि हे दुसरे कारण फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

सुट्या, मोजक्या मापाच्या आणि हलत्या साठवणीची कल्पना या प्रदेशाला परकी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारण्याचे काम सोपवले, आणि त्यातून पुढे खेडोपाडी जाणारी फिरती ग्रंथालये सुरू झाली. मजबूत लाकडी पेटीत साधारण १५ ते ३० पुस्तकांचा संच भरून ती पेटी खेड्याकडे रवाना होई, काही काळ तेथे राही आणि परत येऊन दुसऱ्या गावी जाई. या चळवळीचा इतिहास लिहिणारे जनार्दन सखाराम कुडाळकर हे बोर्डन यांच्यानंतर संस्थानाच्या ग्रंथालय खात्याचे प्रमुख होते. या पेटीचा मोठेपणा असा की ती एकाच वेळी कपाटही होती आणि प्रवासाचे खोकेही. आत किती पुस्तके मावतील, ती उचलायला किती माणसे लागतील आणि गावात ती कोठे ठेवली जाईल या तिन्ही प्रश्नांचा विचार तिच्या एका मापात झालेला होता. मॉड्यूल ठरवणे म्हणजे नेमके हेच होय.

याच शहरात मांडवी भागातील मध्यवर्ती ग्रंथालयाची पुस्तकांची मांडणी अमेरिकेतील स्नीड कंपनीच्या पोलादी पद्धतीची आहे. पोलादी खांबांना आडव्या फळ्या अडकवलेल्या असतात, पुस्तकांच्या उंचीनुसार त्या वरखाली करता येतात, आणि एकावर एक असलेल्या मजल्यांमधली जमीन जाड काचेची केलेली असल्याने वरचा उजेड खालपर्यंत झिरपतो. लाकूड टाळल्यामुळे आगीचे व वाळवीचे भय कमी झाले. कप्प्याची उंची कायमची न ठरवता वापरणाऱ्याच्या हाती ठेवण्याचे जे तत्त्व आज घरगुती शेल्फमध्ये फळी टेकवण्याच्या छिद्रांच्या रूपाने दिसते, ते बडोद्यातील वाचकांनी अनेक दशकांपूर्वी पोलादात पाहिले होते. शिवाय १८९० मध्ये प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या कलाभवनाने हस्तकौशल्य आणि शास्त्र यांचे शिक्षण मातृभाषेतून देण्याचा पायंडा येथेच पाडला. हाताने काम करणे कमी प्रतीचे समजू नये हा त्या संस्थेचा विचार आजच्या सुशिक्षित मध्यमवर्गाने पुन्हा मनावर घेण्याजोगा आहे.

लाकडाच्या बाबतीत संखेड्याचे उदाहरण याहून जवळचे आहे. ओरसंग नदीकाठचे हे गाव पूर्वी वडोदरा जिल्ह्यात होते आणि २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे; तेथील खरादी-सुतार समाजाच्या कारागिरांचे लाखकाम केलेले सागवानी फर्निचर प्रसिद्ध असून त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. प्रत्येक पाय, दांडा आणि कठडा खरादावर, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर, स्वतंत्रपणे कातला जातो, त्यावर कथलापासून केलेल्या रंगाने वेलबुट्टी काढली जाते, मग लाख चढवून अकीक दगडाने घोटले जाते, आणि हे सगळे झाल्यावर भाग एकमेकांत बसवले जातात. झोपाळा तर साखळ्यांच्या आकड्यांवर टांगलेला असल्याने तो काढून दुसरीकडे लावणे घरच्या माणसांनाही जमते. रंगकाम आधी आणि जोडणी नंतर हा क्रम, जो आधुनिक कारखान्याने उत्पादनाच्या सोयीसाठी स्वीकारला, तो येथे कारागिराच्या हाती पूर्वीपासून होता.

युरोपात या पद्धतीला औद्योगिक रूप मिळाले ते मिखाएल थोनेट यांच्या १४ क्रमांकाच्या खुर्चीमुळे. १८५९ मध्ये व्हिएन्नाहून बाजारात आलेली ही वाकवलेल्या लाकडाची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यात जोडली जाई, आणि एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावत. स्वीडनमध्ये १९४३ साली इंगवार कामप्राड यांनी स्थापन केलेल्या आयकिया कंपनीने १९५० च्या दशकात हाच मार्ग घराघरांत नेला. टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढण्याची कल्पना तेथील गिलिस लुंडग्रेन या आरेखकाच्या नावावर सांगितली जाते, आणि १९७९ पासून विकले जाणारे ‘बिली’ हे पुस्तकांचे शेल्फही त्यांचेच आहे. भारतात कंपनीचे पहिले दालन ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला आणि दुसरे डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भे येथे उघडले, आणि गेल्या काही वर्षांत वडोदऱ्यातही ऑनलाइन मागणीवर हे सामान घरपोच येऊ लागले. तथापि भारतीय गोदामे, दुकाने आणि मध्यमवर्गीय घरांचे माळे यांना सुट्या भागांची खरी ओळख करून दिली ती लोखंडी स्लॉटेड अँगलने. लांबट छिद्रांची ही पट्टी १९४७ मध्ये लंडनमध्ये दिमित्रियस कोमिनो यांनी बाजारात आणली. करवतीने हव्या त्या लांबीला कापावी, नटबोल्टने हव्या त्या छिद्रात जोडावी आणि उद्या विचार बदलला तर खोलून पुन्हा लावावी. तिला देखणेपण नाही, पण वापरणाऱ्यावर इतका विश्वास टाकणारी दुसरी वस्तू साठवणीच्या क्षेत्रात सापडणे कठीण आहे.

लाकडी कपाटाला अँगलसारखी मोकळीक देण्याचा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत झाला आणि त्यातून ‘बत्तीस मिलिमीटर पद्धत’ रूढ झाली. तिचे गमक साधे आहे. कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांवर पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटर आत ५ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांची एक उभी रांग पाडायची, आणि दोन छिद्रांमधील अंतर नेहमी ३२ मिलिमीटर ठेवायचे. मग फळी टेकवण्याची पिन, बिजागरीची बैठक, ड्रॉवरची सरकपट्टी यांपैकी काहीही त्याच रांगेत बसते, कारण त्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांनीही तेच अंतर मान्य केलेले असते. दारात बसणाऱ्या बिजागरीच्या वाटीचा व्यास ३५ मिलिमीटर असतो, हेही असेच सर्वमान्य माप होय. हेटिच या जर्मन कंपनीचा बिजागऱ्या व सरकपट्ट्यांचा कारखाना वडोदरा परिसरात आहे आणि हार्डवेअरच्या लहानमोठ्या उत्पादनासाठी राजकोट पूर्वीपासून ओळखले जाते, त्यामुळे परदेशी आरेखनाच्या कपाटाला लागणारे सुटे सामान या भागात मिळणे अवघड नसते. ज्याला कपाटात बदल करायचा आहे त्याने प्रथम ही छिद्रांची रांग मोजून पाहावी. अंतर ३२ मिलिमीटर निघाले तर ते कपाट सगळ्या बाजारासाठी खुले आहे असे समजावे. ते वेगळे निघाले तर पुढे प्रत्येक वस्तूसाठी त्याच कंपनीच्या दारात जावे लागणार, हे खरेदीपूर्वीच ओळखावे.

फळ्या एकमेकींना धरून ठेवणारे मुख्य साधन म्हणजे कॅम लॉक. एका फळीत स्क्रूसारखी बारीक दांडी उभी असते, दुसऱ्या फळीच्या पृष्ठभागात साधारण १५ मिलिमीटर व्यासाची धातूची चकती बसवलेली असते, आणि दांडीचे डोके चकतीच्या पोटात शिरल्यावर चकती स्क्रूड्रायव्हरने अर्धा फेरा फिरवली की तिच्यातील तिरकी खाच दांडीला आत ओढते व सांधा घट्ट होतो. शेजारी असलेली ८ मिलिमीटरची लाकडी खुंटी, म्हणजे डोवेल, वजन पेलते आणि फळी सरकू देत नाही. दुसरे साधन कॉन्फर्मॅट स्क्रू, जो ७ मिलिमीटर जाडीचा, रुंद आट्यांचा आणि बोथट टोकाचा असतो व अ‍ॅलन कीने पिळला जातो. कॅम लॉक अनेक वेळा उघडता येतो. कॉन्फर्मॅट दोन-तीन वेळांनंतर भुशाच्या फळीत सैल पडू लागतो. हा फरक लक्षात न घेता सगळेच स्क्रू जोर लावून पिळण्याची सवय कपाटाचे आयुष्य घटवते.

भुशाची फळी म्हणजे पार्टिकल बोर्ड, आणि या फर्निचरचे बरेचसे बरेवाईट तिच्या स्वभावावर अवलंबून असते. लाकडाचे बारीक तुकडे किंवा उसाचे चिपाड युरिया फॉर्मल्डिहाइड या चिकट द्रव्यात मिसळून उष्णतेखाली दाबले की ही फळी तयार होते. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर येथे चिपाडापासून असे बोर्ड बनवण्याचा उद्योग उभा राहिला. दोन्ही पृष्ठांवर सजावटीचा थर चिकटवलेल्या प्रीलॅम बोर्डासाठी आयएस १२८२३ हे भारतीय मानक आहे. आठ फूट बाय चार फूट आणि १८ मिलिमीटर जाडीच्या एका पत्र्याचे वजन ३५ किलोच्या आसपास भरते, म्हणजे ती कमकुवत वस्तू नव्हे. तिचे वैर पाण्याशी आहे. पृष्ठभागावर सांडलेले पाणी ती सहन करते, परंतु उघड्या कडेतून पाणी आत शिरले की तुकडे फुगतात, चिकटद्रव्य सुटते आणि वाळल्यावरही फळी मूळ जाडीवर येत नाही.

वडोदऱ्यात ही गोष्ट केवळ तांत्रिक राहत नाही. वाघोडिया तालुक्यातील आजवा सरोवरातून सोडलेले पाणी विश्वामित्रीत येते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदीने शहरातील २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर मजल मारली तेव्हा तळमजल्यावरील असंख्य घरांत पाणी दिवसेंदिवस साचून राहिले. अशा पाण्यापुढे पार्टिकल बोर्ड टिकत नाही, हे आधीच स्वीकारून योजना करणे शहाणपणाचे होय. मॉड्यूलर किचनच्या कपाटांना लावतात तसे सुमारे १०० मिलिमीटर उंचीचे, फिरवून कमीजास्त होणारे प्लास्टिकचे पाय प्रत्येक कपाटाखाली बसवणे हा या परिसरातील पहिला आणि सर्वांत उपयुक्त बदल मानावा. त्याने महापूर अडत नाही, पण फरशी पुसताना रोज लागणारे पाणी, नळाची गळती आणि घोट्याखालचा पावसाळी ओलावा एवढ्यांपासून फळीची कड वाचते, आणि खालून झाडू फिरत असल्याने वाळवीची मातीची नळी वेळीच दिसते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी सर्वांत खालचा घटक बोर्डाऐवजी आयएस ७१० या मानकाच्या मरीन प्लायवूडमध्ये त्याच मापाचा करून घ्यावा आणि बाकीचे घटक मूळचेच ठेवावेत. एकच घटक बदलता येणे हाच तर मॉड्यूल पद्धतीचा लाभ, आणि तो घेतला जात नाही ही खेदाची बाब आहे.

कापलेली प्रत्येक कड बंद करणे हा दुसरा अनिवार्य नियम. करवतीने फळी लहान केली, नळासाठी गोल भोक पाडले किंवा वायरसाठी खाच काढली की आतला भुसा उघडा पडतो. तेथे इस्त्रीने चिकटणारी एज बँडची पट्टी लावावी आणि पट्टी वळत नसेल अशा भोकाच्या आत फेव्हिकॉलचा पातळ थर दोनदा देऊन वर रंग लावावा. फॉर्मल्डिहाइडच्या वासाबद्दलही येथेच सांगणे उचित, कारण तो उघड्या कडांतून अधिक सुटतो. खरेदी करताना ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाच्या दर्जाचा बोर्ड मागावा आणि नवे कपाट जोडल्यावर काही आठवडे दारे उघडी ठेवून खोलीत वारा खेळू द्यावा.

मापांचा प्रश्न हा या विषयाचा सर्वांत रंजक भाग आहे, कारण तेथे घराचे वळण आणि कारखान्याचे गणित समोरासमोर येतात. चौकोनी कप्प्यांचे ‘कॅलॅक्स’ हे आयकियाचे शेल्फ उदाहरणादाखल घेता येईल. त्याच्या प्रत्येक कप्प्याचे आतले माप सुमारे ३३ बाय ३३ सेंटिमीटर आणि खोली ३९ सेंटिमीटरच्या आसपास असते. दिवाळी अंकाची उंची साधारण २४ ते २५ सेंटिमीटर असल्याने वर आठ-नऊ सेंटिमीटरची पोकळी वाया जाते, तर खोलीच्या दिशेने पुस्तकांच्या मागे वीतभर जागा रिकामी राहून धूळ साठते. येथे १२ मिलिमीटरच्या प्लायवूडची पायरी करून मागे ठेवली, म्हणजे तळाला न चिकटवलेला, नुसता ठेवलेला, दहा-बारा सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा, की मागच्या रांगेतील जाड कादंबऱ्यांचे कणे पुढच्या रांगेतील बुटक्या पुस्तकांवरून दिसू लागतात आणि एका कप्प्यात जवळजवळ दुप्पट पुस्तके राहतात. पायरीला ना स्क्रू लागतो ना गोंद, घर बदलताना ती उचलून घेतली की झाले. मात्र दुप्पट पुस्तकांबरोबर वजनही दुप्पट होते आणि कंपनीने या शेल्फच्या एका कप्प्यासाठी सांगितलेली मर्यादा १३ किलोच्या आसपास आहे. पुस्तकांची एक मीटर रांग २५ ते ४० किलो भरते, हे हिशेबात धरले तर दोन रांगांचे कप्पे जमिनीलगतच ठेवावेत आणि वरच्या कप्प्यांत हलके सामान ठेवावे हे उघड होते.

लांब फळ्यांच्या शेल्फमध्ये हेच वजन वेगळ्या रीतीने त्रास देते. पुस्तकांनी सलग भरलेल्या फळीचा मध्यभागी येणारा झोळ तिच्या लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तेवढ्याच दाटीने भरलेल्या फळीला मध्ये एक आधार देऊन तिची लांबी निम्मी केली तर झोळ कागदोपत्री सोळाव्या हिश्श्यापर्यंत खाली येतो. जाडी वाढवण्याचा गुण घनाच्या प्रमाणात मिळतो, त्यामुळे १८ मिलिमीटरच्या जागी २५ मिलिमीटरची फळी घेतली तर ताठरपणा अडीच पटीहून अधिक वाढतो. यातून निघणारा व्यवहारी निष्कर्ष असा की महागडी जाड फळी विकत घेण्याआधी मधोमध एक उभी पट्टी बसवावी. आणि पार्टिकल बोर्डाची पुस्तकांची फळी ६० सेंटिमीटरहून लांब असेल तर ती झुकणारच असे गृहीत धरावे.

साड्यांचा प्रश्न खोलीचा आहे. हँगरवर टांगलेल्या कपड्याला समोरासमोर ५५ ते ६० सेंटिमीटर खोली लागते आणि चपट्या खोक्यातील अनेक स्वस्त कपाटांची खोली त्याहून कमी असते, त्यामुळे दार लागत नाही किंवा पदर दारात अडकतो. अशा कपाटात दांडी आडवी न लावता मागून पुढे सरकणारी लावली, म्हणजे सरकपट्टीवरची पुल-आउट दांडी वरच्या फळीला खालून बसवली, की हँगर दाराला समांतर राहतात आणि कमी खोलीतही साड्या, शर्ट नीट बसतात. पैठणी आणि जरीच्या इतर साड्या टांगून ठेवल्यास त्यांच्या घड्या एकाच रेषेवर ताणल्या जातात, म्हणून त्या मलमलच्या कापडात गुंडाळून आडव्या ठेवाव्यात. त्यासाठी ३२ मिलिमीटरच्या रांगेत चार-चार छिद्रांवर, म्हणजे १२८ मिलिमीटर अंतराने, ९ मिलिमीटरच्या पातळ प्लायचे सरकते तबक बसवणे हा फार सुबक उपाय आहे. घडी मोडण्यासाठी साडी बाहेर काढताना वरची साडी विसकटत नाही, ही सोय कोणत्याही तयार कपाटात पैसे देऊनही सहज मिळत नाही.

वर्षाचे धान्य भरण्याची पद्धत वडोदऱ्यातील मराठी व गुजराती दोन्ही घरांत अजून टिकून आहे. उन्हाळ्यात गहू घेऊन, निवडून, त्याला एरंडेल चोळून तो पत्र्याच्या पिंपात भरला जातो. या वजनासाठी सुट्या भागांच्या कपाटाचा तळ वापरू नये. कपाटाची सर्वांत खालची फळी काढून टाकावी, दोन उभ्या बाजूंमध्ये मागच्या अंगाला एक आडवी पट्टी कॅम लॉकने बसवून चौकट ताठ करावी आणि पिंप चाकांच्या पाटावर ठेवून थेट फरशीवर आत ढकलावे. वजन जमिनीवर, कपाट नुसते आडोशाला. देव्हाऱ्यासाठी एखादा कप्पा राखण्याची रीतही वाढत आहे, आणि तीत समईच्या ज्योतीपासून वरची फळी किती अंतरावर आहे हा एकमेव प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बंद कप्प्यात तेलाचा दिवा लावू नये. त्याऐवजी कप्प्याच्या पुढे सरकणारे तबक बसवून, त्यावर पितळी ताट ठेवून दिवा उघड्या हवेत आणणे हा निर्धोक मार्ग होय.

काम प्रत्यक्ष कसे करावे, यातील एक बारकावा येथे जवळून पाहण्यासारखा आहे, कारण तो जमला की बाकी सर्व जमते. समजा, नव्या फळीसाठी उभ्या बाजूंवर चार नवी छिद्रे हवी आहेत. मापपट्टीने चार वेगवेगळ्या खुणा करण्यापेक्षा जाड पुठ्ठ्याची किंवा प्लायची एक पट्टी घ्यावी, तिच्यात जुन्या रांगेवरूनच ३२ मिलिमीटर अंतराची दोन छिद्रे उतरवावीत, त्यांपैकी एक जुन्या छिद्रावर पिनने अडकवावे आणि दुसऱ्यातून ड्रिल घालावे. दोन्ही बाजूंसाठी हीच पट्टी वापरली की फळी आपोआप समतल बसते, कारण चूक झाली तरी ती दोन्हीकडे सारखी होते. ड्रिलच्या ५ मिलिमीटरच्या बिटाला टोकापासून १२ मिलिमीटरवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे १८ मिलिमीटरची फळी आरपार फुटणार नाही. आधी टोच्याने खूण करावी, मग ड्रिल सावकाश चालवावे, नाहीतर वरचा चकचकीत थर कपचा उडून विद्रूप होतो. जुने छिद्र सैल झाले असेल तर त्यात आगपेटीच्या काड्या कोंबण्याची पद्धत तात्पुरती चालते. टिकाऊ उपाय म्हणजे छिद्र ८ मिलिमीटरचे करून त्यात फेव्हिकॉल लावलेली लाकडी खुंटी ठोकावी, रात्रभर वाळू द्यावी, वर आलेले टोक पटाशीने सपाट करावे आणि भरीव लाकडात नव्याने छिद्र पाडावे. या जागी स्क्रू पूर्वीपेक्षाही घट्ट धरतो. कॅलॅक्ससारख्या शेल्फच्या जाड बाहेरील फळ्या मात्र आतून कागदी जाळीच्या असतात, त्यांत मध्यभागी स्क्रू धरत नाही आणि त्या कापल्यास पोकळीत लाकडी पट्टी भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

रंग बदलण्याची हौस सर्वत्र असते आणि अपेक्षाभंगही येथेच अधिक होतो, कारण चकचकीत थराला साधा रंग धरत नाही. पृष्ठभाग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका घासून, पुसून, त्यावर लाखेपासून केलेला प्रायमर लावला तर रंग पक्का बसतो. लाख गुळगुळीत पृष्ठालाही घट्ट चिकटते आणि वरच्या रंगाला धरून ठेवते. फ्रेंच पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवण्याचे काम आपले पॉलिशवाले पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत, तथापि चपड्यात नैसर्गिक मेण असते, म्हणून प्रायमरसाठी मेण काढलेली लाख घ्यावी. संखेड्याच्या पाळण्यावर चमकणारे द्रव्य वाघोडियातील भुशाच्या कपाटालाही उपयोगी पडते, ही या परिसराच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट आहे.

स्वतः काम करण्याचा अर्थ पाश्चात्त्य देशांत आणि येथे एकच नाही. तेथे सुताराची मजुरी परवडत नाही म्हणून घरमालक करवत हाती घेतो. येथे मिस्त्री हाकेच्या अंतरावर असतो आणि प्लायवूडच्या दुकानाजवळच पॅनल सॉवर माप देऊन पत्रा कापून, फुटाच्या दराने कडपट्टी लावून मिळते. त्यामुळे वाघोडिया-वडोदऱ्यात शहाणपणाची विभागणी अशी दिसते की मापे घेणे, आराखडा काढणे, छिद्रांची रांग ओळखणे आणि शेवटची जोडणी हे घराने करावे, आणि लांब सरळ कापणी यंत्रावर करून घ्यावी. मिस्त्रीला कपाटाच्या स्वभावाची कल्पना आधी द्यावी, कारण त्याचा हात प्लायवूड आणि खिळे यांना सरावलेला असतो आणि सांधा मजबूत व्हावा या चांगल्या हेतूने तो कॅम लॉकच्या जोडीला खिळे व गोंद वापरतो. त्या क्षणी कपाट भक्कम होते खरे, पण ते कायमचे त्या खोलीचे होऊन बसते. ज्या मिस्त्रींना ही पद्धत एकदा समजावून दिली जाते, ते ती चटकन आत्मसात करतात. कौशल्याची उणीव कधीच नव्हती, उणीव असते ती संवादाची.

उंच कपाट भिंतीला बांधणे या एका बाबतीत भाडेकरूने घरमालकाची नाराजी पत्करावी. अमेरिकेत लहान मुलांच्या अंगावर ड्रॉवरची कपाटे कोसळून झालेल्या मृत्यूंनंतर आयकियाला जून २०१६ मध्ये सुमारे २ कोटी ९० लाख नग परत बोलवावे लागले, आणि २०२२ अखेरीस तेथे कपाटांच्या स्थैर्याविषयी कायदाही झाला. सगळे ड्रॉवर एकदम उघडले आणि मूल त्यांवर पायरीसारखे चढले की वजनाचा केंद्रबिंदू पुढे येतो, एवढेच त्यामागचे कारण. खाली पाय लावून उंची वाढवलेल्या, वर नवे खण चढवलेल्या कपाटात हा धोका मूळच्यापेक्षा वाढतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर वरच्या कडेला दोन लोखंडी कोन लावून ते प्लास्टिकच्या गिट्टीत स्क्रूने भिंतीत घट्ट करावेत. स्क्रू विटेत जाणे आवश्यक आहे. नुसत्या प्लास्टरमध्ये बसलेली गिट्टी ओढ येताच निघते. घर सोडताना ही दोन छिद्रे पुट्टीने बुजवणे हे घटकाभराचे काम आहे.

घर बदलण्याचा दिवस जवळ आला की उलगडणीचा क्रम जोडणीच्या नेमका उलट ठेवावा: आधी दारे, मग तबके व ड्रॉवर, नंतर मागचा पातळ पत्रा, आणि शेवटी चौकट, जी जमिनीवर आडवी झोपवूनच खोलावी, कारण उभ्या स्थितीत एक सांधा सुटला की उरलेल्या सांध्यांवर फळीचे सारे वजन पिरगळून येते आणि कॅमची दांडी भुशासकट उपटली जाते. प्रत्येक फळीच्या न दिसणाऱ्या कडेवर पेन्सिलीने क्रमांक व वरची बाजू लिहावी. जे सांधे पुन्हापुन्हा उघडावे लागणार आहेत त्यांतील कॉन्फर्मॅट स्क्रू या वेळी काढून टाकून त्या जागी आतून आट्या असलेली पितळी किंवा पोलादी नळी, जिला बाजारात इन्सर्ट नट म्हणतात, गोंद लावून बसवावी आणि पुढे ६ मिलिमीटरचा बोल्ट वापरावा. आट्या भुशात न राहता धातूत राहिल्याने सांधा कितीही वेळा उघडला तरी झिजत नाही. दोन-चार कॅम, दांड्या आणि पिना जादा घेऊन त्या एका डबीत घालाव्यात आणि ती डबी कपाटाच्याच वरच्या फळीला खालून चिकटवून ठेवावी, म्हणजे लिमड्याच्या खोलीतून निघालेले कपाट वडोदऱ्यातील वारसियाच्या किंवा पुण्याच्या घरात उघडणाऱ्याला सुटे सामान शोधत बाजारात जावे लागणार नाही.